पेनांगचा निळा वाडा: चुन्यातल्या निळीचं प्रमाण आणि कोकणातल्या भिंती

पागोळी

मलेशियात पेनांग बेटावर जॉर्ज टाउन हे जुनं बंदर आहे. तिथल्या लीथ स्ट्रीटवरचा च्याँग फात त्सी या व्यापाऱ्याचा निळा वाडा बऱ्याच जणांनी निदान फोटोत पाहिला असेल. तो निळा रंग म्हणजे ऑइलपेंट नव्हे, चुन्यात नीळ कालवून दिलेला हात आहे, एवढं सगळीकडे वाचायला मिळतं. पुढची कृती मात्र कुठे सापडत नाही.

विचारायचं कारण: वेंगुर्ल्याला बंदराच्या वाटेवरच्या एका जुन्या घराच्या दर्शनी भिंतीला तसा रंग द्यायचा विचार आहे. भिंत जांभ्या चिऱ्याची, तोंड पश्चिमेला. मूळ गिलावा चुन्याचा. खालचे साडेतीन फूट मागे कधीतरी सिमेंटने लिंपलेत आणि वर प्लास्टिक पेंट आहे. त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतून पांढरी पूड गळते.

प्रश्न असे:
१. पेनांगच्या वाड्यावर नेमकं काय लावलंय आणि ते तिथे का टिकतं?
२. चुना, नीळ, पाणी, डिंक यांचं प्रमाण काय?
३. सिमेंटच्या भागावर हा रंग चालेल का?
४. त्या वाड्याच्या छपरावर रंगीत फुलं-पक्ष्यांची नक्षी आहे. ती मातीची, की चिनी मातीची?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. "इंजिनिअरला विचारा" हे उत्तर मिळून झालंय.

---

तळखडा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, चुन्याचं प्रमाण इथले चुनेवाले सांगतीलच.

वाडा बांधला १८९६ ते १९०४ या काळात. मालक च्याँग फात त्सी १८४० साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात जन्मलेला, हाक्का या चिनी समाजातला. पोरवयात बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला गेला, व्यापारात मोठा झाला आणि पुढे पेनांगला चीनचा व्हाइस कॉन्सल झाला. चीनमधल्या यांताईची चांग्यू ही वाइन कंपनी १८९२ साली काढली तीही त्यानेच. घर ३८ खोल्यांचं, ५ चौक, ७ जिने, २२० खिडक्या. मांडणी चिनी चौकांची, ओतीव लोखंडाचं काम ग्लासगोच्या मॅकफार्लेन कारखान्याचं, जमिनीच्या नक्षीदार फरश्या इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या. बंदरातल्या व्यापाऱ्याचं घर असंच असायचं, जहाजातून जे जे उतरे ते भिंतीत जाई.

१९१६ मध्ये तो वारला. शेवटचा मुलगा हयात आहे तोवर घर विकायचं नाही, अशी अट त्याने मृत्युपत्रात घातली होती. तो मुलगा १९८९ मध्ये गेला. तोवर खोल्याखोल्यांतून भाडेकरू भरले होते आणि डागडुजी थांबलेली होती. मग वास्तुरचनाकार लॉरेन्स लो आणि त्यांच्या सोबत्यांनी घर विकत घेऊन नव्वदच्या दशकात दुरुस्त केलं. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००० साली त्याला सर्वोच्च मान मिळाला. जॉर्ज टाउन शहर जागतिक वारसा यादीत आलं ते त्यानंतर, २००८ मध्ये, मलाक्काच्या जोडीने.

आता रंग. चुना आणि नीळ हे खरं आहे. नीळ हिंदुस्थानातून पेनांगला येत असे. पण तिथे मुख्य काम चुना करतो, नीळ फक्त रंग देते. भिंत श्वास घेते वगैरे म्हणतात, त्याचा सरळ अर्थ एवढाच की भिंतीत शिरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला वाट मोकळी असते. चुन्याचा हात ती वाट अडवत नाही. पेनांगला वर्षभर पाऊस आणि वर्षभर दमट हवा. तिथे भिंत पूर्ण कोरडी ठेवणं शक्यच नाही, ती जितकी भिजेल तितकी सुकली पाहिजे, हेच धोरण.

दुसरी गोष्ट फोटोत दिसत नाही. पाचही चौक ग्रॅनाइटने फरसबंद आहेत आणि छपराचं पाणी आधी चौकात, तिथून गटारात जातं. भिंतीच्या पायथ्याशी पाणी तुंबत नाही. रंगाची नक्कल करायची तर आधी त्या पाण्याच्या वाटेची करा. तुमच्या घराला पन्हळ आहे का? अंगणाची पातळी जोत्याच्या किती खाली आहे? दरवेळी नवी लादी जुनीवर बसवून अंगण सहा-आठ इंच वर आलेलं असतं आणि ओल मात्र "समुद्राच्या हवेने येते" असं सांगतात.

---

कळीचा चुना

दुसरा प्रश्न माझा.

चुना: बाजारात पिशवीतली फक्की मिळते, ती मैदानावर रेघा मारायला ठीक. रंगासाठी कळीचा चुना, म्हणजे भाजलेले पण अजून पाणी न लागलेले खडे आणा. कोकणात शिंपल्यांचा भाजलेला चुना मिळाला तर उत्तमच. ताजा आहे का ते बघायला चमचाभर चुन्यावर व्हिनेगर टाका. खूप फसफसला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून आधीच खडू झालाय, त्यात बांधण्याची ताकद उरलेली नाही. पाण्यात टाकल्यावर कळी तडतडून फुटली, पाणी उकळू लागलं, तर माल चांगला.

विरवणे: पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळून डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा आणि रबरी हातमोजे लावूनच काम करा. साधी प्लास्टिकची बादली उष्णतेने वितळते, लोखंडी पिंप घ्या. चुना पूर्ण फुटला की जाड गोणपाटातून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाका. सफेदीला एक दिवस मुरवला तरी चालतो, पण रंगासाठी आणि गिलाव्यासाठी निदान दोन-तीन महिने मुरलेला मलईदार चुना घ्या. न विरलेले बारीक खडे भिंतीवर गेल्यावर महिन्याभराने फुगतात आणि गिलाव्याला फोड येऊन तेवढी टिकली उडते.

प्रमाण: मुरलेला चुना १ भाग, पाणी २ ते ३ भाग, मापाने. दुधाइतपत पातळ झालं पाहिजे. नवखा माणूस हमखास इथे चुकतो. ओला हात देताना मागची भिंत आरपार दिसते, म्हणून तो जाड कालवतो. वाळल्यावर रंग आपोआप भरतो, जाड थर मात्र तडकतो आणि हात लावला की बोटाला येतो. पातळ चार हात हवेत, जुन्या खडबडीत भिंतीला पाच-सहा. दोन हातांत निदान २४ तास.

डिंक: केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मानकात दर १० लिटर चुनवणीला ४० ग्रॅम डिंक, गरम पाण्यात विरघळवून, असं आहे. तेवढाच घाला. सुताराचा पांढरा सिंथेटिक डिंक ओतायची सवय सगळीकडे आहे, त्याने रंग हाताला येत नाही हे खरं, पण छिद्रं बुजतात आणि मग चुना वापरण्याला काही अर्थच राहत नाही. मीठही नको, ते हवेतली ओल ओढतं. दूध-ताकही नको, दमट हवेत त्याला बुरशी येते. पश्चिमेच्या भिंतीसाठी शेवटच्या हातात दर १० लिटरला दोन-तीन चमचे कच्चं जवसाचं तेल चालेल, तेही चुना खूप घोटून. आधीच्या हातांत घातलंत तर पुढचा हात धरणार नाही.

निळीचं: त्याच मानकात सफेदीसाठी चुन्याच्या किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत नीळ सांगितली आहे. ती पांढरा उजळ दिसण्यासाठी, आपल्या घराघरांत दिवाळीआधी घालत तेवढीच. निळी भिंत त्याने होणार नाही. रंगासाठी मुरलेल्या चुन्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत रंगद्रव्य धरा, म्हणजे १० किलोला अर्धा किलो. त्याच्या फार वर गेलात तर चुन्याला सगळे कण बांधता येत नाहीत आणि भिंतीला टेकलेल्याचा सदरा निळा होतो.

रंगद्रव्य कोरडं कधीही टाकू नका. आदल्या दिवशी कोमट पाण्यात भिजवा, खलात घोटा, मलमलीतून गाळून मग चुन्यात. पूर्ण भिंतीला लागेल तेवढं एकाच पिंपात एकदम करा, दुसऱ्या पिंपाची छटा पहिल्याशी कधीच जुळत नाही. दर पाच मिनिटांनी तळापासून ढवळा. आणि वाळल्यावर रंग कितीतरी फिका होतो, तेव्हा पिंपात बघून ठरवू नका.

भिंत आदल्या संध्याकाळी आणि हात देण्याआधी पुन्हा भिजवा. ओघळ नको, दमट हवी. कोरड्या भिंतीने पाणी शोषून घेतलं की चुना नुसती भुकटी होऊन बसतो.

---

रंगारी आळी

वरच्या कृतीला +१, पण निळीबद्दल थोडं थंड पाणी ओततो.

नीळ म्हणून बाजारात तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि भिंतीवर तिघींचं वागणं वेगळं.

पहिली, झाडाची खरी नीळ. तमिळनाडू आणि आंध्रात अजून निघते, वड्या किंवा पूड मिळते. ती पाण्यात विरघळत नाही, शिवाय पाण्याला नाकारते, वर तरंगते. थोड्या स्पिरिटमध्ये कालवून लगदा केला की मग पाणी घेते. चुन्यात तिचा निळा किंचित राखाडी, मऊ येतो. दिसायला अप्रतिम. पण ऊन तिला खातं, आणि ताज्या ओल्या चुन्यात ती भरवशाची मानत नाहीत. पश्चिमेच्या भिंतीवर तर फिकी पडणारच, आणि सारखी पडणार नाही. छपराच्या सावलीतला वरचा पट्टा गडद राहील, खालचा उडेल.

दुसरी, धुण्याची पूड नीळ. ती बहुतेक वेळा अल्ट्रामरीन असते, म्हणजे खनिज रंगद्रव्य. उन्हात पक्की. आम्लाने मरते. घरच्या घरी ओळखायची तर चिमूटभर पुडीवर संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब, उघड्यावर आणि नाक लांब ठेवून. रंग उडाला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर अल्ट्रामरीन. खरी नीळ तशीच राहते. ओल्या चुन्यात अल्ट्रामरीनच्या साध्या प्रती थोड्या उतरतात, म्हणून घाऊक विकत घेताना सिमेंट-चुन्यात चालणारी प्रत मागा.

तिसरी, बाटलीतली द्रव नीळ. ती कपड्यांसाठीची, तीत कण नसून रंग पाण्यात विरघळलेला असतो. पहिल्या पावसात जोत्यावर निळे ओघळ. भिंतीला अजिबात नको.

टिकाऊच हवा असेल तर कोबाल्ट ब्लू चुन्यात पक्का, पण महाग. थॅलो ब्लू स्वस्त आणि इतका जोरकस की ५ टक्के सोडाच, १ टक्क्याच्या आतच काम होतं. मात्र तो हिरवट झाक देतो आणि नुसता दिला तर पाण्याच्या टाकीचा रंग वाटतो. त्यात चिमूटभर काळा आयर्न ऑक्साइड घातला की भडकपणा जातो.

जाता जाता: जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली १८९७ साली, हा वाडा बांधायला घेतला त्याच्या पुढच्याच वर्षी. आपल्याकडच्या निळीचा व्यापार त्यानंतर बसला.

माझं मत विचाराल तर दर्शनी भिंतीला अल्ट्रामरीन, आणि खरी नीळ ओटीच्या आतल्या भिंतीला, जिथे ऊन-पाऊस नाही. पाहुण्यांना काय ते फरक सांगा किंवा सांगू नका.

---

पागोळी

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

@तळखडा, पन्हळ नाही, पागोळ्या थेट अंगणात पडतात. अंगणाच्या लादीची पातळी जोत्याच्या वरच्या कडेच्या जेमतेम चार इंच खाली आहे. तुमचा अंदाज बरोबर, जुनीवर नवी बसवली आहे.

@कळीचा चुना, सिमेंटच्या साडेतीन फुटांचं काय करू? गवंडी म्हणतो "सिमेंटवरच प्रायमर मारून चुना देऊ, धरेल."

---

कळीचा चुना

धरेल, पहिल्या पावसापर्यंत.

सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यात चुन्याला पकडायला छिद्रं नसतात. त्याहून वाईट म्हणजे ओल. जमिनीतली ओल चिऱ्यातून वर चढते, बरोबर क्षार आणते. पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडायची. आता सिमेंटने वाट बंद केली, म्हणून ती आणखी वर चढते आणि सिमेंट जिथे संपतं तिथे, साडेतीन फुटांच्या वर फुटते. तुमचे पापुद्रे नेमके त्या रेषेच्या वर जास्त आहेत ना? पांढरी पूड म्हणजे लोणा. क्षाराचे स्फटिक वाढताना जागा मागतात आणि गिलावा आतून ढकलतात. प्लास्टिक पेंट ताणला जातो, मग सुटतो. यात रंगाचा दोष नाही, कितीही भारी कंपनीचा लावा, हेच होईल.

काय करायचं ते क्रमाने.

आधी पाणी. पन्हळ बसवा आणि पाणी भिंतीपासून दूर न्या. भिंतीलगतची लादी निदान दीड-दोन फूट रुंदीची उखडा, खाली खणून अंगण जोत्याखाली आठ-दहा इंच न्या, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, ५० इंचांना १ इंच पुरे. तिथे सिमेंटची लादी पुन्हा नको, खडी किंवा सुटे चिरे. भिंतीला टेकलेल्या कुंड्या हलवा. हे करायचं नसेल तर पुढचं वाचू नका, पैसे वाया जातील.

मग सिमेंट काढणे. छिन्नी तिरकी धरून, हाताने, सुटलेल्या जागेपासून सुरुवात करून. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, जांभा मऊ असतो, चिऱ्याच्या कडा सिमेंटबरोबर येतात. ओलीची वरची रेष जिथे दिसते तिच्याही वर फूटभर जा. प्लास्टिक पेंट पूर्ण खरवडा. दर्जांतला, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांतला भुसभुशीत माल इंचभर खोल काढा.

आता थांबायचं. पाऊस संपल्यावर सिमेंट काढलंत तर भिंत पूर्ण कोरडा मोसम उघडी ठेवा. लोणा बाहेर येत राहील. तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा आणि लांब टाका. पाण्याने धुवायचा मोह आवरा, धुतलात की क्षार विरघळून परत आत. फार असेल तर कागदाचा लगदा, चिनी मातीची कच्ची पूड (केओलिन) आणि बारीक वाळू शुद्ध पाण्यात मळून पाऊण इंच जाडीचा लेप भिंतीवर थापा. वाळून आपोआप सुटू लागला की काढून फेका. दोन-तीन वेळा केलं की बराच क्षार त्यात उतरतो. एकच लेप पुन्हा वापरू नका.

गिलावा: खालच्या भागाला मुरलेला चुना १, विटांची भुकटी म्हणजे सुरखी १, धुतलेली नदीची वाळू २. सुरखीमुळे चुना ओलीतही आवळतो. वरच्या भागाला चुना १, वाळू ३. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नको, तीत मीठच असतं. खोल खड्डे एका थरात भरू नका, चिऱ्याच्या कपच्या चुन्यात बसवून भरा. पहिला थर अर्धा इंच, ओला असताना ओरखडे काढा. दोन आठवड्यांनी दुसरा, मग पाव इंचाच्या आत शेवटचा बारीक थर, रंध्याने घोटून. ओलं गोणपाट लावून दहा-बारा दिवस सांभाळा. भर उन्हात वाळला तर बारीक जाळीदार भेगा पडतात.

गूळ-हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत चांगली आहे, माल हाताला छान येतो. पण थोडंच. गूळ जास्त झाला की मुंग्या येतात आणि भिंतीवर तपकिरी डाग उमटतात, मग निळ्या रंगाखाली ते हिरवट दिसतात.

खालच्या दोन-तीन फुटांतला हा गिलावा काही वर्षांनी पुन्हा करावा लागेल, तो क्षार स्वतःवर घेऊन मरणारच आहे. त्याच्याऐवजी चिरा मरण्यापेक्षा हे स्वस्त.

---

खापरी

चौथा प्रश्न राहिलाच की.

छपराच्या मुंढारीवरची आणि चौकाच्या कपाळपट्टीवरची ती नक्षी चिनी मातीच्या तुकड्यांची. दक्षिण चीनमधली कला आहे, चिएन निएन म्हणतात, पेनांगच्या देवळांवर आणि कुळघरांवर सगळीकडे दिसते. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात त्याच्याशी घोळ घालू नका. ते सपाट, सिमेंटमध्ये, ऊन परतवण्यासाठी. हे उभं, फुलापानांच्या आकाराचं.

करतात असं. आधी तारेचा सांगाडा आणि त्यावर चुन्याच्या गाऱ्याचा ढोबळ आकार. गाऱ्यात तंतू हवेत, कागदाचा लगदा किंवा ताग, नाहीतर उभ्या आकाराला भेगा जातात. मग रंगीत झिलईचे पातळ वाडगे घेऊन चिमट्याने कडेकडेने कातरतात. ताटल्या नव्हे, वाडगेच, कारण वाडग्याच्या तुकड्याला मुळातच बाक असतो. मोराच्या पिसाला, माशाच्या खवल्याला, शेवंतीच्या पाकळीला तो बाक जसाच्या तसा वापरतात. तुकडा ओल्या चुन्यात टोकाने खुपसायचा, खालून वर, एकावर एक चढवत. पाकळीची मोकळी कड उचललेली राहते आणि तिची सावली पडते. दुरून फूल उमललेलं दिसतं ते त्या सावलीमुळे. या वाड्याच्या दुरुस्तीच्या वेळी हे काम करायला चीनमधून कारागीर आणले होते.

बिघडतं कुठे? आतली तार. समुद्रकाठी ती गंजते, गंजली की फुगते, आकार आतून फुटतो आणि तुकडे ओंजळीने खाली येतात. गळलेला तुकडा सिमेंटने चिकटवला तर पुढच्या वेळी तुकडा राहतो आणि भोवतालचा चुना निघतो. दुरुस्तीला स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची तार आणि पुन्हा चुनाच. पडलेले जुने तुकडे जपून ठेवावेत, त्या झिलईची छटा नव्या भट्टीत जुळवणं हेच सगळ्यात कठीण काम.

वेंगुर्ल्याच्या कौलांवर मात्र हे नको, माकडं दोन दिवसांत वाट लावतील.

---

धक्क्यावरचा

पेनांगला जाणार असाल तर दोन ओळी. निळ्या वाड्यात आता हॉटेल आहे. आत बघायला सोडण्याच्या वेळा आधी विचारून जा. चौकात गेल्यावर सगळे वर नक्षीकडे बघतात. तुम्ही खाली बघा, फरसबंदीचा उतार कुठे आहे, मोरी कुठे आहे, खांबाचा पाय फरशीला कसा बसवलाय. बाहेरच्या भिंतीला बोट लावून बघा, चुन्याचा हात आणि पेंट यांतला फरक तिथे बोटाला कळतो.

जवळच चर्च स्ट्रीटवर पेरानाकान मॅन्शन म्हणून दुसऱ्या धनिकाचं, चुंग केंग क्वी याचं हिरवं घर आहे. तिथे खाजगी संग्रहालय आहे. दागिने, भांडी, फर्निचर बघायचं तर ते. बांधकाम वाचायचं तर निळा वाडा.

---

पागोळी

शेवटचा प्रश्न. कामाचा काळ कसा धरू? आणि नमुना किती मोठा करू?

---

कळीचा चुना

पावसाळा संपला की सिमेंट काढा, मेपर्यंत भिंत उघडी सुकू द्या. पेनांगला पाऊस वर्षभर वाटून पडतो, आपल्याकडे चार महिन्यांत झोडपतो आणि पश्चिमेची झड थेट भिंतीवर येते. म्हणून त्या पहिल्या पावसाळ्यात उघड्या भिंतीपुढे माडाच्या झावळ्यांचे झाप लावा. भिंतीला चिकटवून नको, हातभर अंतर सोडून. प्लास्टिकची ताडपत्री आत घाम धरते. पुढच्या नोव्हेंबरात गिलावा, जानेवारी-फेब्रुवारीत सफेदी आणि रंगाचे नमुने, आणि पूर्ण भिंतीचा रंग त्याच्या पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत. मार्चनंतर ऊन कडक होतं, रंगाचा हात भाजून निघतो.

रंग देण्याआधी गिलाव्याचा एक बारीक तुकडा फोडून ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाका, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते. गर्द गुलाबी झाला तर आतला चुना अजून कच्चा आहे. वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर रंगहीन राहिला की रंगाचं काम सुरू करायला हरकत नाही. खरी नीळ वापरणार असाल तर आणखी थांबा.

नमुना भिंतीवरच, नव्या गिलाव्यावर, दोन बाय दोन फुटांचे चार चौकोन: खरी नीळ ५ टक्के, अल्ट्रामरीन ३, अल्ट्रामरीन ५, थॅलो अर्धा टक्का. प्रत्येकाला चार हात. निम्मा भाग छपराच्या सावलीत येईल आणि निम्मा उन्हात, अशा उंचीवर करा. प्रत्येकाखाली पेन्सिलने प्रमाण आणि तारीख लिहा. एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ द्या. बाकीच्या भिंतीला तोवर नुसती पांढरी सफेदी द्या, ती खालचा थर म्हणून उपयोगी पडेलच, आणि घाऊक रंगद्रव्य तोपर्यंत विकत घेऊ नका.